मुलांचा राग, पावसाची भीती आणि घरच्या घरी मन स्थिर करण्याचा सराव

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी चार वर्षांची. यजमान नोकरीनिमित्त मुंबईला असतात, त्यामुळे घरात सासूबाई, मी आणि मुले एवढेच असतो. मला दोन्ही मुलांविषयी विचारायचे आहे, कारण दोघांचे प्रश्न वरवर सारखे दिसले तरी ते वेगळे असावेत असे वाटते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता आणि ती रात्र आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढली. त्या दिवसाविषयी तो फारसे बोलत नाही. मात्र मृगाचा पाऊस सुरू झाला, आणि विशेषतः मोबाइलवर अतिवृष्टीचा इशारा आला, की त्याचा स्वभावच बदलतो. तो रडत नाही, 'मला भीती वाटते' असेही म्हणत नाही. तो वही फेकतो, दप्तराला लाथ मारतो आणि बहिणीला ढकलतो. मुलीचे प्रकरण निराळे आहे. हवी ती वस्तू मिळाली नाही की ती जमिनीवर लोळण घेते आणि कधी कधी रडता रडता श्वास कोंडून धरते, इतका की तिचे ओठ निळसर होतात.

शाळेतून पालकांना एक इंग्रजी ॲप सुचवले आहे. त्यात रोज दहा मिनिटे डोळे मिटून बसायचे आणि बर्फाच्छादित डोंगराची कल्पना करायची असते. मुलगा दोन मिनिटांत उठून जातो. सासूबाईंचे म्हणणे असे, की हे सगळे फाजील लाड आहेत आणि एक दरडावणी पुरेशी आहे. 'माइंडफुलनेस', म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे, हा शब्द आता सर्वत्र ऐकू येतो, पण स्वयंपाक, अभ्यास आणि पाणी भरणे या धावपळीत घरात नेमके काय करायचे, हे कोणी साध्या भाषेत सांगेल का?

सुरंगी (रत्नागिरी)

ताई, मी मुलांसाठी समुपदेशनाचे काम करते. तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ही दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि दोघांना एकच उपाय लावू नये.

चार वर्षांच्या मुलीकडून स्वतःला शांत करण्याची अपेक्षा करणे मुळातच घाईचे आहे. मेंदूचा पुढचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात आणि जो आवेग आवरण्याचे काम करतो, तो पूर्ण परिपक्व होण्यास माणसाच्या वयाची पंचविशी उजाडते, तर धोका ओळखून शरीराला सावध करणारा अमिग्डाला हा भाग मात्र लहानपणापासूनच जोमाने काम करीत असतो. म्हणून या वयातील मूल मोठ्या माणसाच्या आधाराने शांत होते, स्वतःच्या बळावर नव्हे. ती लोळण घेत असताना तिच्याजवळ जमिनीवर बसावे, आवाज खाली ठेवावा, शब्द कमी वापरावेत आणि ती कशावर आपटणार नाही एवढे पाहावे. उपदेश, प्रश्न, 'असे का केलेस' हे सर्व त्या क्षणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र ज्या वस्तूसाठी रडणे चालले होते ती वस्तू देऊ नये. मायेने जवळ बसणे आणि हट्ट पुरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सासूबाईंना हा फरक दिसला तर त्यांचा विरोध बराच ओसरेल असे मला वाटते. श्वास कोंडण्याविषयी मात्र डॉक्टरांनीच बोलावे.

मुलाच्या बाबतीत मला राग हे वरचे पांघरूण वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला भित्रा म्हणवून घेणे परवडत नाही, आणि रागावलेला मुलगा निदान बलवान तरी दिसतो. त्याच्यासाठी पहिले काम म्हणजे शरीरातील खुणा ओळखणे. वही फेकण्याच्या आधी काय होते? मुठी आवळतात का, पोटात गोळा येतो का, कान गरम होतात का? हे विचारण्याची वेळ भांडणानंतर लगेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी, तुम्ही दोघे काहीतरी काम करीत असताना यावी. त्यानंतर भावनेला नाव द्यावे, पण ते अंदाजाच्या सुरात: 'इशारा वाचून धाकधूक झाली असेल का?' कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील शाखेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या चित्रणात असे दिसले, की भावनेला शब्द दिला असता अमिग्डालाची हालचाल मंदावते. तो अभ्यास प्रौढांवरचा होता, हे लक्षात ठेवावे. तरीही मुलांसोबत काम करताना मला याचा उपयोग होताना दिसतो. नेमक्या नावांचा साठा असला तर अधिक बरे. रुसवा, हिरमोड, हेवा, हुरहूर, चुटपुट, ओशाळलेपण या सगळ्यांना मुले 'राग आला' एवढेच म्हणतात आणि मग सगळ्यांवर उपायही रागाचाच होतो.

श्वासाविषयी एकच सांगते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. हे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचे काम आहे. म्हणून 'खोल श्वास घे' असे ओरडण्यापेक्षा उच्छ्वास लांबवण्याचा खेळ द्यावा. आपल्याकडे जूनमध्ये अंगणात आंब्याच्या कोयींना कोंब फुटलेले असतात. ती कोय दगडावर घासून मुले पिपाणी करतात. ती हळू आणि लांब वाजवणे म्हणजे उत्तम सराव आहे, आणि मुलाला आपण काही 'उपचार' करीत आहोत असे वाटतही नाही. नारळाच्या पातीचे भिरभिरेही चालेल: फुंकर इतकी मंद मारायची की ते फिरत राहिले पाहिजे, पण भरभर नाही. हे सर्व मन स्वस्थ असताना करायचे. रागाचा भडका उडाल्यावर पहिल्यांदा पिपाणी हातात दिली तर ती भिंतीवर आपटली जाईल.

खडूस_वाचक (पनवेल)

मला या विषयातील उत्साहाविषयी थोडी शंका नोंदवायची आहे. ब्रिटनमध्ये शाळांतील माइंडफुलनेस शिक्षणाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ८५ शाळा आणि अकरा ते चौदा या वयोगटातील ८,००० हून अधिक विद्यार्थी तिच्यात सहभागी होते. ज्या मुलांना हे धडे दिले त्यांचे मानसिक स्वास्थ्य नेहमीचे सामाजिक-भावनिक शिक्षण घेणाऱ्या मुलांपेक्षा सुधारले, असे त्या चाचणीत आढळले नाही. मग आपण पालकांना हे का सांगावे? दरडावणीचा मी समर्थक नाही, पण प्रत्येक नव्या नावाच्या मागे धावण्याचाही नाही.

सुरंगी (रत्नागिरी)

तुम्ही दिलेला निष्कर्ष बरोबर आहे आणि तो या धाग्यात आला हे चांगले झाले. त्याच चाचणीत असेही दिसले होते, की बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. म्हणजे वर्गात तास घेऊन, सर्वांना एकाच साच्याने, वाढत्या वयात डोळे मिटून बसवण्याचा फारसा लाभ झाला नाही, एवढे त्यातून निश्चित म्हणता येते. घरातील आईवडिलांनी स्वतः शांत राहणे, मुलाच्या भावनेला नाव देणे आणि मर्यादा आखणे यांचा त्या चाचणीने विचार केलेला नव्हता. माझे मत विचाराल तर ॲपवर माझाही भरवसा बेताचाच आहे. भारतात याविषयी शासकीय पातळीवरही प्रयत्न झाले आहेत: महाराष्ट्रात २०१२ पासून शाळांमध्ये आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष ठेवणे, शिकवणारा 'मित्र उपक्रम' आहे आणि दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला, ज्यात रोजच्या तासाची सुरुवात काही क्षण शांत बसण्याने होत असे. हे प्रयत्न वाईट नाहीत, पण घरात कोणी बदलले नाही तर शाळेतील तो तास एकटा काय करणार?

बालवैद्य_कुडाळ

आधी मुलीच्या श्वास कोंडण्याविषयी लिहितो. सहा महिने ते सहा वर्षे या वयात रागाने किंवा दुखापतीने रडता रडता श्वास थांबणे, ओठ निळे पडणे आणि क्वचित क्षणभर शुद्ध हरपणे हा प्रकार आम्हांला नेहमी पाहायला मिळतो. पालक घाबरतात आणि ते स्वाभाविक आहे, परंतु बहुतेक मुलांत तो निरुपद्रवी असतो आणि वयाबरोबर जातो. तरीही एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी, कारण काही मुलांत त्याचा संबंध लोहाच्या कमतरतेशी असतो आणि ती भरून काढल्यावर असे प्रसंग कमी होतात. शिवाय हृदयाचा किंवा फेफऱ्याचा त्रास नाही याची खात्री होते. त्या वेळी तिला हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर निजवावे आणि थांबावे. मिनिटभरात ती सावरली नाही, झटके आले किंवा हे वारंवार होऊ लागले तर थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. आणि ती श्वास कोंडते म्हणून तिचा प्रत्येक हट्ट पुरवू लागू नये. मुले हे फार लवकर ओळखतात.

आता सर्वसाधारण गोष्टी. अनेक पालक रागावर उपाय विचारायला येतात आणि मी झोपेविषयी विचारतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री साडेदहापर्यंत दूरदर्शन मालिका चालू असलेल्या घरात सकाळी सातच्या शाळेसाठी उठणाऱ्या मुलाचे गणित कसे बसणार? शाळेतून आल्यानंतरचा तासभर हाही भडक्याचा ठरलेला काळ असतो, कारण मूल भुकेले असते. आधी पेज, घावन किंवा केळे द्यावे, दप्तर आणि गृहपाठ यांची चौकशी नंतर करावी.

श्वासाच्या सरावात एक सावधगिरी. कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास रोखून धरण्याचे प्रकार लहान मुलांकडून घरी करवून घेऊ नयेत. ज्या मुलाने संकट अनुभवले आहे त्याला डोळे मिटायला लावू नये, कारण डोळे मिटले की त्याला तेच दृश्य दिसू शकते. काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरल्यासारखे होते. अशा मुलाला बाहेरच्या गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगावे: कौलांवर पडणारा पाऊस, पायाखालची गार फरशी, हातातला खडबडीत नारळ. दम्याच्या मुलाला पावसाळ्यात श्वासाचे खेळ देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांना स्थिर बसण्यापेक्षा झोपाळा, झाडाला पाणी घालणे, जड वस्तू उचलून ठेवणे अशा हालचालींनी अधिक लाभ होतो.

आजी_मालवणची

मला या चर्चेत एक जुनी गोष्ट घालायची आहे. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे, ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे. एक जण उभा राहून मागणे मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. माझ्या नातवंडांनी गणपतीच्या दिवसांत ते पाहिले आणि नंतर घरात खेळ म्हणून सुरू केले. आता तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती झाले, की ज्याला मनातले काही सांगायचे असेल तो गाऱ्हाणे घालतो. धाकटी म्हणते, 'बा देवा म्हाराजा, आज शाळेत माझो डबो सांडलो, सगळे हसले, माका रडाक इला', आणि आम्ही सगळे म्हणतो, 'व्हय म्हाराजा'. मोठा म्हणतो, 'बाबांचो फोन दोन दिवस इलो नाय, माका राग इलो हा', आणि आम्ही म्हणतो, 'व्हय म्हाराजा'.

यात मला आवडणारी गोष्ट अशी, की कोणी उत्तर देत नाही. 'त्यात रडायचे काय', 'तू तरी नीट बसायचे होतेस', 'बाबांना कामे असतात' असे एकही वाक्य मध्ये येत नाही. मुलाने सांगितले आणि घराने ऐकले, एवढेच. उपाय काढायचा असेल तर तो जेवताना काढता येतो. मोठ्यांनीही गाऱ्हाणे घालावे. माझ्या सुनेने एकदा 'आज माझा आवाज चढला, उद्या चढू नये' असे मागितले तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यासारखे होते. अट एकच ठेवली आहे, की दुसऱ्याची चुगली करायची नाही. जे सांगायचे ते स्वतःविषयी.

आणि ताई, सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, की बागुलबुवा, देवचार, पोलीस आणि इंजेक्शन देणारा डॉक्टर यांची भीती घालून गप्प केलेले मूल गप्प झालेले दिसते खरे, पण आधीच पाण्याला घाबरलेल्या मुलाच्या मनात आपण आणखी एक भीती नेऊन ठेवतो. मीही सासूच आहे, तेव्हा त्यांनी राग मानू नये.

खडूस_वाचक (पनवेल)

आजी, देवाच्या गाऱ्हाण्याचा असा खेळ करणे काही घरांत रुचणार नाही, हेही लक्षात घ्यावे. पद्धत मात्र मला ॲपपेक्षा पटली.

आजी_मालवणची

ज्यांना रुचत नाही त्यांनी देवाचे नाव वगळावे आणि नुसता होकार ठेवावा. आमच्या घरात देवाला हे चालते असे आम्ही गृहीत धरले आहे.

ओहोटी (हर्णै)

आमचे घर मासेमारीचे आहे, त्यामुळे वादळाची भीती आमच्या मुलांना नवी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली, मंडणगड भागातील घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. त्या काळात लहान असलेली मुले वाऱ्याचा आवाज वाढला की अजूनही घरातल्या मधल्या खोलीत जाऊन बसतात. म्हणून ताईंच्या मुलाविषयी मला एवढेच म्हणायचे आहे, की 'काही होणार नाही, घाबरू नकोस' हे वाक्य त्याला सांगू नये. पाणी आले होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. आपण खोटे बोलतो असे त्याला वाटले, की तो पुढचे काही ऐकणार नाही.

त्याऐवजी माहिती द्यावी. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग मुलांना समजतात: हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. प्रत्येक इशारा पूर आणतोच असे नाही, हे त्याला स्वतः पडताळू द्यावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने रोजचा इशारा त्या रंगाने रंगवावा आणि संध्याकाळी प्रत्यक्ष काय झाले ते शेजारी लिहावे. तुमची वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाण्याचा निचरा मंदावतो. म्हणून त्याला भरतीचे वेळापत्रक वाचायला शिकवावे. दिवसाला दोन भरत्या येतात, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित नऊ वर्षांच्या मुलाला जमते आणि ज्याला पाणी केव्हा चढते व केव्हा उतरते हे सांगता येते त्याची भीती थोडी आकारात येते.

दुसरे म्हणजे त्याला काम द्यावे. पावसाळ्यासाठी घरात एक पिशवी भरलेली असावी: विजेरी, पॉवर बँक, कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये, औषधे, चुरमुरे, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या. विजेरी चालते की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याची असावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि आम्ही जाळी दुरुस्त करतो. आमची मुले शेजारी बसून सुतळी गुंडाळतात, गाठी सोडवतात. वारा किती सुटला आहे याची चौकशी त्या वेळात बंद पडते, कारण जाळ्याची गाठ सोडवताना दुसरीकडे लक्ष देता येत नाही.

निवृत्त_गुरुजी (गुहागर)

शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा जो वर्ग सुरू केला, त्यातील एक प्रसिद्ध सराव म्हणजे एकच मनुका हातात घेऊन पाहायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची आणि सावकाश चावायची. घरात मनुका नसली तर आमसूल आहे. जिभेवर आमसूल ठेवून आंबटपणा आधी कुठे लागतो, तोंडाला पाणी केव्हा सुटते, शेवटी कोणती चव उरते, हे सांगण्याची स्पर्धा मी वर्गात घेत असे आणि एरवी एका जागी न बसणारी मुले त्यात रमत. आज घरी करायचे असेल तर कडव्या वालांचे बिरडे सोलायला बसवावे. मोड न मोडता साल काढायची असेल तर बोटांकडे लक्ष द्यावेच लागते. चार वर्षांच्या मुलीलाही जमेल, थोडे वाल वाया जातील. अबोलीचा वळेसर गुंफणे, तांदळातले खडे निवडणे, मोदकाच्या पाकळ्या पाडणे, हे सर्व त्याच जातीचे आहे.

एक विनंती मात्र आहे. बिरडे सोलताना 'आता बघ, तुझे मन किती शांत झाले' असे म्हणू नये. मुलांना शिकवण्याचा वास फार लवकर येतो आणि तो आला की ती उठून जातात. मी अनेक चांगल्या खेळांचे असे पाठ झालेले पाहिले आहेत.

बहिणीला ढकलण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. भावना चालेल, मार चालणार नाही, हे मुलाला अगदी मोजक्या शब्दांत कळले पाहिजे: 'तुला राग आला आहे ते दिसते आहे. तिला मारू देणार नाही.' एवढे बोलून मध्ये उभे राहावे आणि आधी ढकललेल्या मुलीकडे पाहावे. राग काढायला पर्याय आधीच ठरवून ठेवावा. उशी बडवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने राग उतरतो असे मला दिसले नाही. त्यापेक्षा बादलीभर पाणी झाडांना घालून येणे किंवा पडवीत दहा फेऱ्या मारणे बरे. नंतर तो शांत झाला की बहिणीची मोडलेली वस्तू त्याने जोडून द्यावी. जबरदस्तीने म्हणायला लावलेल्या 'सॉरी'ला काही अर्थ नसतो.

चाकरमानी_डोंबिवली

माझे कुटुंब राजापूर तालुक्यात आणि मी इकडे, त्यामुळे वडील दूर असण्याची बाजू मांडतो. गावाहून निघताना मूल रडेल म्हणून ते झोपलेले असताना रात्रीच्या एसटीने निघून जाण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती अजिबात पटत नाही. सकाळी उठल्यावर वडील नाहीत हे कळणारे मूल पुढच्या खेपेस रात्री झोपायलाच तयार होत नाही. निघण्याचा दिवस आधीच सांगावा, रडू आले तर रडू द्यावे आणि पुन्हा केव्हा येणार ते कॅलेंडरवर खूण करून दाखवावे. रजा नक्की नसेल तर तारीख देऊ नये.

फोनवर 'अभ्यास केलास का, आईला त्रास देत नाहीस ना' एवढेच विचारले जाते, असे मी गाडीत शेजारी बसलेल्या बापांच्या तोंडून नेहमी ऐकतो. मी मुलाला रोज विचारतो, की आज काय ऐकलेस आणि काय पाहिलेस, आणि मग मीही सांगतो: लोकलच्या छपरावर पाऊस कसा वाजत होता, कोणत्या फलाटावर भिजलेली मांजर बसली होती. ताईंच्या यजमानांनी इशाऱ्याच्या दिवशी कामाच्या मधल्या सुटीत एक फोन ठरवून करावा. लाल इशारा असताना वडील मुंबईत आहेत आणि तिथेही पाऊस आहे, ही काळजी त्या मुलाला नक्कीच असणार, तो बोलत नसला तरी.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आज मी मुलाला सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला की बाबा जिथे राहतात ती इमारत कितव्या मजल्यापर्यंत आहे हे त्याला जाणून घ्यायचे आहे. यजमान रात्री फोनवर त्याला ते सांगणार आहेत. सासूबाईंना मी आजींचा निरोप वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण बिरडे सोलायला मुलीला त्यांनीच बोलावले.

आता दोन शंका उरल्या आहेत. लाल इशाऱ्याच्या रात्री वीज गेल्यावर मुलगा फार अस्वस्थ होतो. त्या वेळी, प्रत्यक्ष भीती चढलेली असताना, काय करावे? आणि २२ जुलै जवळ येतो आहे. त्या दिवशी शहरात, बातम्यांत, सगळीकडे त्याच आठवणी निघतात. त्याला त्यापासून दूर ठेवावे का?

सुरंगी (रत्नागिरी)

भीती चढलेली असताना नवे काही शिकवू नये. जे आधी शांत वेळी सरावाचे झाले आहे तेच करावे. अंधारात उपयोगी पडेल असा एक खेळ आतापासून रोज झोपताना खेळा: ऐकू येणारे पाच आवाज मोजायचे, मग हाताला लागणाऱ्या चार वस्तू सांगायच्या, मग तीन वास ओळखायचे. रॉकेलचा, ओल्या गोधडीचा, उदबत्तीचा, कोणताही चालेल. पाऊस हा त्या आवाजांपैकी एक असतो, एकमेव नसतो, हे त्याला त्यातून अनुभवाला येते. त्याच्या पाठीवर तुमचा हात असू द्या आणि तुमचा स्वतःचा श्वास सावकाश चालू द्या, कारण मूल सूचनांपेक्षा शेजारच्या शरीरावर अधिक विश्वास ठेवते. मोबाइलवर पाण्याची पातळी पाहायची असेल तर ती तुम्ही ठरलेल्या वेळीच पाहा आणि त्याला खरे सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पुराची चित्रफीत त्याच्यासमोर उघडू नका. लहान मुलांना ते आत्ताच घडते आहे असे वाटते, आणि खरे तर मोठ्यांनाही वाटते.

२२ जुलैपासून त्याला पूर्ण दूर ठेवणे जमणार नाही आणि आवश्यकही नाही. संकटाच्या वर्षदिनाच्या आसपास झोप बिघडणे, चिडचिड वाढणे, लहान मुलासारखे वागणे हे नेहमी घडते, आणि त्याला ते आधी सांगून ठेवले तर आपल्याला काहीतरी झाले आहे असे त्याला वाटत नाही. त्या दिवशी बातम्या बंद ठेवा. ज्या शेजाऱ्यांच्या घरी तुम्ही रात्र काढलीत त्यांच्याकडे त्याला घेऊन जा, काही खाऊ द्या, आणि तो बोलला तर ऐका. न बोलला तरी चालेल. चित्र काढायचे असेल तर कागद द्या, पण 'पुराचे चित्र काढ' असे सांगू नका.

बालवैद्य_कुडाळ

यात एवढेच जोडतो. भीती किंवा राग चार आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकून राहिला, मूल शाळा टाळू लागले, अंथरूण ओले करू लागले, रात्री दचकून उठू लागले किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर घरगुती सराव चालू ठेवून मदत घ्यावी, आणि इजेची भाषा असेल तर त्याच दिवशी घ्यावी. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जावे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, आणि त्या नावाला बिचकण्याचे कारण नाही, बाह्यरुग्ण विभागात समुपदेशनासाठी येणारे पुष्कळ जण असतात. लहान मुलीच्या वाढीविषयी शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा तिला दाखवावे. ताई, मुलीची हिमोग्लोबिन तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या, पथकाची वाट पाहू नका.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

डॉक्टर, उद्या सकाळीच घेऊन जाते. अहवाल आला की इथेच लिहीन.